असरच्या उन्हाला अडवणारे सायबान



खानदेशातील एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव वगळून त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. त्यांचे घर पश्चिममुखी आहे. समोर १८ फूट रुंद आणि १६ फूट खोल अंगण, त्यापुढे पाच फुटांची कुंपणाची भिंत आणि गल्ली. मार्च उजाडला की दुपारी अंगणात पाय ठेवता येत नाही. त्या घरी शिलाईकाम करतात. मशीन आत घेतली तर अंधार आणि उकाडा, ओट्यावर ठेवली तर ऊन. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि आतल्या खोलीत त्यांचा जीव गुदमरतो. या भगिनींची भिशी लागली आहे. घरातल्या पुरुषमंडळींचे ठरले आहे की त्या पैशात सगळ्या अंगणावर पत्रा टाकून टाकायचा. मिस्त्री म्हणतो, कोपऱ्यातला निंब काढावा लागेल; फांद्या आड येतात आणि पाला पत्र्यावर साचतो. आता काय करावे, असा प्रश्न आहे.

प्रश्न एका घराचा असला तरी जळगाव, भुसावळ, मालेगाव, अकोला, परभणी, नांदेड इथल्या कितीतरी घरांचा आहे. म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सर्वांत आधी एक गोष्ट. या छपराचा निर्णय जे घेत आहेत ते दुपारी घरी नसतात. ते दुकानावर, कामावर असतात. छपराखाली दिवस काढणार आहेत त्या भगिनी, त्यांच्या सासूबाई आणि सुट्टीतली मुले. म्हणून मिस्त्रीशी बोलणी करण्याआधी सुट्टीच्या दिवशी घरच्या कर्त्या माणसाने एक अख्खी दुपार त्या अंगणात काढावी. ऊन कुठून येते, किती आत येते आणि केव्हा येते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय छपराचे माप ठरवणे म्हणजे अंगाचे माप न घेता सदरा बेतणे.

ऊन डोक्यावरून येते की समोरून?

आपल्याकडे छपराचा विचार बहुतेक वेळा जोहरच्या उन्हाचा होतो. मे महिन्यात जोहरच्या सुमारास सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. खानदेशात मेच्या अखेरच्या आठवड्यात शून्य सावलीचा दिवस येतो. त्या दिवशी भर दुपारी उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी असते. अशा वेळी वर कसलेही आडवे छप्पर असले तरी खाली पूर्ण सावली मिळते.

पण हवा सर्वांत जास्त तापते ती दुपारी तीन ते साडेचारच्या दरम्यान, आणि तोवर सूर्य पश्चिमेला कललेला असतो. त्या वेळी ऊन छपराच्या खालून आत शिरते. किती आत, हे काढायला यंत्र लागत नाही. आपल्या नमाजच्या वेळाच सावलीवर बेतलेल्या आहेत. शाफई हिशेबाने, जो आपले कोकणी बंधू मानतात, वस्तूची सावली तिच्या बरोबरीची झाली की असरची वेळ लागते. हनफी हिशेबाने ती दुप्पट झाली की लागते. यात भर दुपारची मूळ सावली वगळायची असते, पण मे महिन्यात आपल्याकडे ती जवळजवळ नसतेच. त्यामुळे हिशेब सोपा होतो.

आता समजा, छपराची पश्चिमेकडची कड जमिनीपासून ९ फुटांवर आहे. मधल्या काळात शाफई असर लागते, म्हणजे साडेतीनच्या थोडे पुढे, तेव्हा ऊन कडेपासून ९ फूट आत आलेले असते. हनफी असर लागते, म्हणजे पाचच्या सुमारास, तेव्हा ते १८ फूट आत आलेले असते. छप्पर १० फूट खोल असेल तर पाच वाजता ऊन सगळा ओटा ओलांडून घराच्या भिंतीवर चार फूट चढलेले असते. मशीनवर, खाटेवर, सासूबाईंच्या तोंडावर. हजारो रुपये वरच्या पत्र्यावर खर्च झालेले असतात आणि ऊन समोरून खुशाल आत आलेले असते.

म्हणून पश्चिममुखी घराला दोन गोष्टी हव्यात : वर छप्पर आणि समोर पडदा. एक केली आणि दुसरी सोडली तर काम अर्धेच होते.

निंब काढू नका

पत्रात निंबाची जागा अंगणाच्या समोरच्या कोपऱ्यात, म्हणजे पश्चिमेला, सांगितली आहे. पाच वाजता पत्र्याखालून येणारे ऊन हाच निंब अडवतो. पत्रा ऊन अडवतो आणि स्वतः तापतो. झाड ऊन अडवते, पण पानांतून पाणी हवेत सोडत असल्यामुळे पत्र्यासारखे तापत नाही. शिवाय निंबाला नवी पालवी उन्हाळ्याच्या तोंडाशीच फुटते, नेमकी गरज असते तेव्हा. एवढी सावली देणारे झाड पुन्हा वाढवायला कित्येक वर्षे लागतील.

मिस्त्रीची अडचण खोटी नाही. पाला पन्हळीत साचतो, पाणी तुंबते, पत्रा लवकर गंजतो. त्यावर उपाय म्हणजे आड येणारी एखादी फांदी छाटणे, पत्र्याची हद्द झाडाच्या अलीकडे थांबवणे आणि पन्हळीच्या तोंडाशी जाळी बसवणे. आठवड्यातून एकदा झाडू फिरवावा लागेल, एवढेच. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, हेही मिस्त्रीच्या कानावर घाला.

पूर्ण अंगण का झाकू नये

पत्रा टाकायचाच तर सगळ्या अंगणावर टाकू, असे वाटणे स्वाभाविक आहे. गाडी सावलीत राहील, कार्यक्रमाला मांडव घालावा लागणार नाही. पण तिन्ही बाजूंनी भिंती आणि वर पत्रा अशी जागा म्हणजे भट्टी. गरम हवा वर चढते. तिला बाहेर पडायला वाट नसेल तर ती पत्र्याखाली साचते आणि खिडक्यांतून घरात शिरते. मग सावली मिळते पण उकाडा वाढतो, आणि आतल्या खोल्यांतला उजेडही जातो.

रात्रीचाही विचार करा. दिवसभर तापलेली फरशी आणि भिंती रात्री आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडतात. म्हणूनच अंगणात किंवा गच्चीवर खाट टाकून झोपले की पहाटे पांघरूण ओढावे लागते. वर कायमचे झाकण घातले की हे निवणे मंदावते.

हज-उमराहला जाऊन आलेल्यांनी मदिना मुनव्वरा येथे मस्जिदे नबवीच्या बाहेरच्या आवारातल्या मोठ्या छत्र्या पाहिल्या असतील. अशा २५० छत्र्या तिथे आहेत. दिवसा त्या उघडतात आणि सूर्यास्ताला मिटतात. दिवसा सावली, रात्री मोकळे आकाश. त्यातले तंत्र महागडे असले तरी तत्त्व फुकट आहे, आणि ते आपल्या अंगणातही चालते.

या भगिनींच्या अंगणाची वाटणी मी अशी सुचवेन. घरालगत १० फूट कायमचे छप्पर. उरलेल्या ६ फुटांवर सरकते शेडनेट : दोन्ही बाजूंना तार ताणून, जाळीला कड्या लावून, दाराच्या पडद्यासारखे. सकाळी ऊन येऊ लागले की ओढायचे, मगरिबनंतर गोळा करायचे. जाळी ५० टक्के, ७५ टक्के अशा प्रमाणात मिळते. बसण्या-उठण्याच्या जागेसाठी ७५ टक्के पुरे. तिच्यातून हवा जाते, म्हणून ती ताडपत्रीपेक्षा कितीतरी बरी. पावसाळ्यात ती उतरवून, घडी करून ठेवली तर जास्त टिकेल.

छप्पर कशाचे?

जस्ती किंवा रंगीत पत्रा स्वस्त आणि टिकाऊ. दोष एकच, तो तापतो. मेच्या दुपारी त्याला हात लावता येत नाही. त्याची झळ खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सरळ उतरते. तापलेला तवा वर धरल्यासारखी. पंखा लावून ही झळ जात नाही. म्हणून पत्रा घ्यायचा तर पांढरा किंवा अगदी फिका घ्या. सध्या सगळीकडे निळे आणि लाल पत्रे दिसतात. ते उन्हात जास्त तापतात. जस्ती पत्रा आधीच आणला असेल तर त्याला प्रायमर मारून वरून बाहेरच्या कामाचा पांढरा रंग द्या. प्रायमरशिवाय रंग नव्या जस्तावर धरत नाही.

दुसरे आणि अधिक महत्त्वाचे म्हणजे पत्र्याखाली दुसरा थर. सहा इंच खाली बांबूची तट्टी किंवा चटई बांधून घ्या. मधली पोकळी दोन्ही टोकांना उघडी ठेवा, म्हणजे त्यातली गरम हवा वाहून जाईल. पत्र्याची झळ तट्टी अंगावर घेते आणि खाली बसणाऱ्याला तिचा त्रास होत नाही. तट्टी कोरडी असते, म्हणून तिच्याखाली चूल किंवा शेगडी ठेवू नका आणि विजेची उघडी वायर तिच्यातून नेऊ नका.

सिमेंटचा पत्रा कमी तापतो म्हणून काही जण घेतात. त्यात बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे असतात. कापताना आणि भोके पाडताना त्याची धूळ फुप्फुसात जाते. अ‍ॅस्बेस्टॉस कोणत्याही प्रकारचे असले तरी त्याने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुले खेळतात त्या अंगणात तो नको. पारदर्शक फायबरचा पत्रा उजेडाबरोबर उष्णताही आत सोडतो. बाजू मोकळ्या असताना त्याची गरजच नाही.

मंगलोरी कौले पत्र्यापेक्षा थंड. पण त्यांचे वजन जास्त, खालचा सांगाडा भक्कम लागतो आणि उतार जास्त द्यावा लागतो. ऐपत असेल आणि कौले शाकारणारा माणूस जवळ मिळत असेल तर जरूर विचार करा.

आणि ज्यांच्याकडे भिशीही लागलेली नाही त्यांनी काय करावे? बांबूचे खांब, वर शेडनेट, आणि पश्चिमेला वेल. दोडका, कारले, घोसाळी यांचे वेल जानेवारी-फेब्रुवारीत लावले तर एप्रिलपर्यंत मांडव भरतो आणि भाजीही मिळते. कायमचा वेल हवा असेल तर मधुमालती. मस्जिदे नबवीचे पहिले छतही खजुराच्या खोडांवर खजुराच्या फांद्या टाकूनच केलेले होते. साध्या वस्तूंची सावली कमी दर्जाची नसते.

मिस्त्रीला काय सांगावे

उंची : घराकडे ११ फूट, बाहेरच्या कडेला ९ फूट. म्हणजे १० फुटांत २ फूट उतार. पाणी तुंबणार नाही.

फट : पत्रा घराच्या भिंतीला चिकटवू नका. स्लॅब १० फुटांवर असेल तर पत्रा त्याच्या वर एक फूट उचलून दीड-दोन फूट स्लॅबवर आत घ्या. मधल्या फटीतून गरम हवा निघून जाते आणि पाऊसही आत येत नाही. स्लॅबला कठडा असेल तर वरच्या टोकाशी जाळीची पट्टी ठेवायला सांगा.

खांब : लोखंडी खांब फरशीवर नुसता उभा करून चालत नाही. दोन-अडीच फूट खड्डा घेऊन काँक्रीटमध्ये बसवा. छपराचे वजन जमिनीकडे असते, पण वादळाचा जोर पत्रा वर उचलतो. मे-जूनच्या वादळी पावसात पत्रे उडून माणसे दगावल्याच्या बातम्या दरवर्षी वाचतो. पत्र्यावर दगड ठेवणे हा उपाय नव्हे. उडालेल्या पत्र्याबरोबर दगडही येतो. प्रत्येक आडव्या पाइपावर रबरी वॉशरचे स्क्रू, आणि कडेच्या ओळीत ते अधिक जवळजवळ.

पडदा : बाहेरच्या कडेला बांबूची चिक, जमिनीपासून ३ फुटांपर्यंत खाली येणारी आणि गुंडाळता येणारी. हिशेब करून पाहा. कड ९ फुटांवरून ३ फुटांवर आली, तर पाच वाजता ऊन १८ फुटांऐवजी ६ फूटच आत येते. घरालगतची चार फुटांची पट्टी सावलीत राहते, आणि चिकेखालून येणारे बहुतेक ऊन कुंपणाची भिंतच अडवते. खालची मोकळी जागा हवेसाठी. चिकेमुळे गल्लीतून नजरही आत येत नाही, म्हणजे घरातल्या स्त्रियांना अंगण खऱ्या अर्थाने वापरता येते. चिकेवर दुपारी पाणी शिंपडले तर आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात आत येणारी हवा गार होते.

पाणी : १८ बाय १० फुटांच्या छपरावर, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला आणि थोडे वाया गेले असे मानले, तरी नऊ हजार लिटरच्या आसपास पाणी पडते. पन्हळ लावून ते टाकीत किंवा निंबाच्या आळ्यात सोडा. मात्र त्याची एक धारही शेजाऱ्याच्या दारात पडता कामा नये. काम सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना जागेवर बोलावून कड कुठे येणार, पाणी कुठे जाणार हे दाखवा. शेजाऱ्याचा हक्क आपल्याकडे किती मोठा मानला आहे हे वेगळे सांगायला नको. नगरपालिकेतही आधी विचारून घ्या. घराभोवती मोकळ्या सोडायच्या जागेत कायमचे बांधकाम चालत नाही.

हे सगळे कशासाठी

कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? आपल्या वाडवडिलांनीही उन्हाळे काढलेच की. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ अंशांवर गेला होता. त्या एका महिन्यात शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले, असे नंतरच्या अभ्यासात निघाले. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांतली छपरे पांढरी रंगवण्याचे कामही तिथे झाले. उष्णतेचा बळी म्हणजे रस्त्यावर पडलेला माणूसच असे नाही. पत्र्याच्या खोलीत दिवसभर बसलेली आजीही त्यात असू शकते.

वय झाले की तहान कमी लागते आणि घाम कमी येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होऊन अंगातले पाणी कमी होते. सासूबाईंच्या गोळीबद्दल उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारा. मनाने गोळी बंद करू नका. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले, चक्कर आली तर ते उन्हाळी थकवा म्हणून सोडू नका. सावलीत आणा, अंगावर पाणी शिंपडून वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

आणि शिलाईची मशीनही विसरू नका. दुपारचे चार तास हात चालला तर तो घरात येणारा पैसा आहे. छपरासाठी लागलेली भिशी याच हातांच्या कमाईतून भरली गेली आहे. तेव्हा त्या छपराखाली पहिली जागा मशीनची आणि खाटेची, मोटारसायकलची नंतर. घरच्यांशी बोलताना ही गोष्ट शांतपणे पण स्पष्टपणे मांडा.

येत्या शुक्रवारी घरातल्या मुलांच्या हाती खडू द्या. जोहरनंतर, साडेतीनला आणि असरच्या अजानच्या वेळी अंगणात उन्हाची कड कुठे आहे तिथे रेघ ओढायला सांगा. तीन रेघा, शेजारी वेळ लिहिलेली. मे महिना यायचा असेल तर रेघा थोड्या वेगळ्या पडतील, पण पश्चिमेच्या उन्हाची वाट कळेल. त्या रेघांचा फोटो काढून मिस्त्रीला दाखवा आणि मगच माप घ्या.

पुढच्या अंकात गच्चीखालच्या तापणाऱ्या खोलीविषयी लिहिणार आहे. आपल्या घराची दिशा, खोलीची उंची आणि खिडक्या कोणत्या बाजूला आहेत एवढे लिहून पाठवलेत तर उत्तर देणे सोपे जाईल.